रात्री १.३२

पिंपळखुटा हे बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा तालुक्यातलं गाव. १ जुलै २०२३ पर्यंत जिल्ह्याबाहेर ते फारसं कुणाच्या कानावर आलेलं नव्हतं. त्या रात्री गावाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी ट्रॅव्हल्स खांबाला धडकली, दुभाजकावर आदळली, उलटली आणि पेटली. गाडीत ३३ जण होते. २५ गेले, ८ वाचले. उजाडेपर्यंत कारण दोन शब्दांत बसवून झालं होतं: चालकाची डुलकी.

हे कारण मी नाकारत नाही. पण त्यात फक्त शेवटची तीन-चार सेकंदं येतात. त्याआधीच्या तासांचा, आणि त्या तासांच्याही आधीच्या महिन्यांचा हिशेब त्यात येत नाही. म्हणून हा घटनाक्रम नागपूरच्या बसथांब्यापासून सुरू न करता साडेसहा महिने मागून सुरू करतो.

११ डिसेंबर २०२२

नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा पंतप्रधानांच्या हस्ते खुला झाला. विदर्भातल्या माणसाला या रस्त्याचं अप्रूप वाटणं साहजिक होतं. खड्डे चुकवत, गावागावांतून वाट काढत, रेल्वे फाटकाशी ताटकळत प्रवास केलेल्या पिढ्या आम्ही. आता सहा पदरी काँक्रिट, दोन्ही बाजूंना कुंपण, ना चौक, ना सिग्नल, ना बैलगाडी, ना दुचाकी. सपाट प्रदेशात ताशी १५० किलोमीटर वेगाचा आराखडा, कारना परवानगी १२० ची.

वेग हा या रस्त्याचा विकण्याचा माल होता. पूर्ण झाल्यावर नागपूर-मुंबई आठ तासांत, हे वाक्य फलकांवर, भाषणांत, बातम्यांत सगळीकडे होतं. वाहन किती वेगाने जाईल याचा विचार आराखड्यात पुरेपूर झाला होता. ते चालवणारा माणूस पाच तासांनी कसा असेल, त्याला लघवीला कुठे जायचं असेल, चहा कुठे मिळेल, रात्री त्याच्या डोळ्यांसमोर काय असेल, या गोष्टी 'पुढे होतील' या सदरात गेल्या. कागदावर सोयीसुविधांच्या जागा ठरलेल्या होत्या. प्रत्यक्षात रस्ता खुला झाला तेव्हा थोडे पेट्रोलपंप सोडले तर शेकडो किलोमीटर काही नव्हतं. उपाहारगृह नाही, धड स्वच्छतागृह नाही. आधी गाड्या सोडल्या, मग माणसांची सोय बघू म्हटलं. मला विचाराल तर अपघाताच्या कारणांची यादी इथून सुरू होते.

३० जून २०२३, शुक्रवार, संध्याकाळी ५

ट्रॅव्हल्स नागपूरहून सुटली. नागपूर-पुणे ही गाडी विदर्भातल्या घराघरांना ठाऊक आहे. पोरं पुण्याला शिकतात, हिंजवडीत, चाकणला, खराडीला नोकरी करतात. सुटीला आलेलं पोरगं रविवारच्या आत परत पोचवायचं असतं, रेल्वेचं आरक्षण मिळालेलं नसतं, विमान परवडत नाही. मग ट्रॅव्हल्स. या गाडीतही नागपूर, वर्धा, यवतमाळ या तीन जिल्ह्यांतले लोक होते.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. वाहन चालवणाऱ्या कामगारांसाठी आपल्याकडे तेव्हा १९६१ सालचा कायदा लागू होता. दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. एसटीत ड्युटीचा निदान कागद तरी असतो. खासगी ट्रॅव्हल्सच्या चालकाने काल रात्री कुठून कुठे गाडी मारली आणि आज दुपारी किती झोप काढली, हे गाडी सुटताना त्याला कुणी विचारत नाही. टायर बघतात, डिझेल बघतात, बुकिंगचा तक्ता तीनदा बघतात.

रात्री, कारंजा

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजाला गाडी जेवणासाठी थांबली. प्रवाशांच्या दृष्टीने हा प्रवासातला शेवटचा जागेपणाचा टप्पा असतो. पोटभर जेवण, बाटलीत पाणी भरणं, घरच्यांना 'निघालो, झोपतो आता' असा फोन, मग पडदे ओढायचे आणि आडवं व्हायचं. चालकही जेवतो. त्याचंही शरीर तेच म्हणत असतं. फरक इतकाच, की त्याची रात्र इथून सुरू होते.

रात्री ११.०८

गाडी समृद्धीवर चढली. ही वेळ टोलच्या नोंदीतली आहे, म्हणून मिनिटासकट सांगता येते. इथून अपघातापर्यंत तिने १५२ किलोमीटर अंतर २ तास २४ मिनिटांत कापलं. म्हणजे सरासरी वेग ताशी सत्तरच्याही आत.

हा आकडा जरा थांबून बघायला हवा. समृद्धीवर अपघात वाढले तेव्हा यंत्रणेने सगळा भर वेगावर दिला होता. दोन टोलनाक्यांमधलं अंतर ठरल्यापेक्षा कमी वेळात कापलेल्या चालकांना बाजूला घेऊन समुपदेशन सुरू झालं. त्याला माझी हरकत नाही, वेग मारतोच. पण ही ट्रॅव्हल्स त्या नाक्यावर सुरक्षित बाहेर पडली असती तर शिस्तीची गाडी म्हणून तिला कुणी हटकलंही नसतं. वेग मर्यादेत, गाडी तीनच वर्षांची, रस्ता नवा, आणि तरी २५ माणसं गेली. वेगावर रोखलेल्या कॅमेऱ्याला झोप दिसत नाही.

मध्यरात्रीच्या सुमारास, शेलूबाजार ते मालेगाव पट्टा

रात्री समृद्धीवर ट्रॅव्हल्सच्या केबिनमध्ये बसून बघा. मी बसलो आहे. समोर दिव्यांच्या उजेडात साठ-सत्तर मीटर काँक्रिट, त्यावर पांढऱ्या तुटक पट्ट्या, त्यापुढे काळोख. पट्ट्या येतात, खाली जातात, येतात, खाली जातात. बाजूला गाव दिसत नाही, कारण रस्ता गावांना टाळूनच आखला आहे. झाडं लहान. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे रुंद दुभाजकापलीकडे लांबवर. हॉर्नचा प्रसंग नाही, ब्रेकचा नाही, गिअरचाही क्वचित. माझ्या शेजारचा चालक तंबाखूचा खर्रा मळत होता. झोप येते का, असं विचारल्यावर त्याने मानही न वळवता सांगितलं, "काही करावंच लागत नाही ना जी. स्टेरिंग धरून बसायचं फक्त." आणि मग, "खर्रा संपला का मंग पंचाईत."

चालक ज्याला 'काही करावंच लागत नाही' म्हणतो त्याला अभ्यासक रोड हिप्नोसिस म्हणतात. डोळे उघडे, हात स्टिअरिंगवर, आणि मेंदूने लक्ष देणं सोडलेलं. समोरच्या दृश्यात बदल नसला की मेंदू ते दृश्य नोंदवणं कमी करतो, ही त्याची काटकसर आहे. त्या अवस्थेतून झोपेत घसरायला फार वेळ लागत नाही. नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेतल्या अभ्यासकांनी त्याच वर्षी समृद्धीवरच्या अपघातांची छाननी केली, तेव्हा हे कारण ठळकपणे पुढे आलं.

रस्ते आखणाऱ्यांना ही माहिती नवी नव्हती. जर्मनीतल्या द्रुतगती मार्गांच्या आराखड्यात फार लांब सरळ पट्टा टाळावा, मधे मोठ्या त्रिज्येचं सौम्य वळण द्यावं, अशी शिफारस जुनीच आहे. वळण आलं की हात हलतो, नजर सरकते, माणूस कामात राहतो. आपल्याकडे सरळ रेघ ही अभियंत्याची शान मानतात, आणि जमीन संपादनाच्या नकाशावर ती दिसतेही देखणी.

रात्री १२.३० ते १.१५, मेहकरच्या पुढे

माणसाच्या शरीरातलं घड्याळ मध्यरात्रीनंतर उताराला लागतं. दोन ते पाच हा त्याचा तळ. या वेळात शरीराचं तापमान उतरतं, प्रतिक्रियेला वेळ लागतो, आणि झोप मनाच्या निग्रहाला जुमानत नाही. अनुभवी चालकाला हे चांगलं कळतं. म्हणून तो गाणी लावतो, खिडकी उघडतो, क्लीनरला बोलतं ठेवतो, तंबाखू लावतो. या उपायांनी दहा-पंधरा मिनिटं निघतात. झोपेवरचा उतारा झोपच. वीस मिनिटं गाडी बाजूला लावून डोळे मिटले तरी खूप फरक पडतो.

पण बाजूला म्हणजे कुठे? जुन्या नागपूर-औरंगाबाद रस्त्यावर मेहकरला चहाच्या टपऱ्या होत्या, ढाब्यासमोर दहा ट्रक लागलेले असायचे, तिथे आपली गाडी लावली की सुरक्षित वाटायचं. लोणारकडे जाणारा फाटा, बिबीचा स्टॉप, दुसरबीडचा चहा, असे नैसर्गिक थांबे होते. त्या रस्त्याने लोकांचा जीव मेटाकुटीला आणला हे खरं, पण जागंही ठेवलं. समृद्धीवर त्या वेळी थांबायचं तर रस्त्याच्या कडेच्या पट्टीत, अंधारात, मागून येणाऱ्या ट्रकच्या भरवशावर. तीस प्रवासी मागे घेऊन कोणता शहाणा चालक तिथे थांबेल? शिवाय सकाळी आठच्या आत पुण्याला पोचवायचं असतं, नाही पोचवलं तर प्रवाशांच्या शिव्या आणि मालकाचा फोन.

माणूस कसा वागतो हे गृहीत धरून रस्ता आखायचा असतो, असं म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की रात्री साडेबाराला पेंगलेल्या चालकासाठी उजेड असलेली, शौचालय असलेली, चार गाड्या आधीच लागलेल्या दिसतील अशी जागा ठराविक अंतरावर असावी, आणि ती पुढे किती किलोमीटरवर आहे हे त्याला अर्धा तास आधीच कळावं. यात शास्त्र कमी आणि माणुसकी जास्त आहे.

रात्री १.२५ च्या पुढे

इथून पुढचं गणित कुणीही कागदावर करू शकतो. ताशी ७० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १९ मीटरहून जास्त. डुलकी म्हणजे काही घोरणं नव्हे, तीन-चार सेकंदांसाठी पापणी जड होणं. चार सेकंदांत ७५ मीटरहून अधिक अंतर गेलं. रस्त्याची एक लेन पावणेचार मीटरची, बस अडीच मीटरहून थोडी रुंद. दोन्ही बाजूंना हातभर-दीड हात जागा उरते. गाडीचं तोंड फक्त दीड अंशाने वळलं, म्हणजे बघणाऱ्याला सरळच वाटेल इतकं, तरी ७५ मीटरमध्ये ती दोन मीटर सरकते. लेन सुटली.

आता या चार सेकंदांत रस्ता काय करू शकतो ते बघू.

पहिली गोष्ट, रस्ता आवाज करू शकतो. आपल्याकडे रंबल म्हटलं की टोलनाक्याआधी आडव्या मारलेल्या पांढऱ्या पट्ट्या आठवतात. त्या वेग कमी करायला. डुलकीसाठीच्या खाचा वेगळ्या असतात, त्या लेनच्या कडेने लांबीला जातात. काँक्रिटमध्येच अर्धा इंच खोल, एकापाठोपाठ एक कापलेल्या. चाक त्यावर गेलं की अख्खी गाडी थरथरते, सीटखालून घर्र असा आवाज येतो, आणि गाढ झोपलेला माणूसही दचकून उठतो. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या गार्डन स्टेट पार्कवेवर १९५० च्या दशकातच कडेच्या काँक्रिटला खोबणी पाडली होती, लोक त्यांना गाणारी कड म्हणत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकवर कडेला खाचा कापल्या, आणि गाडी आपोआप रस्त्याबाहेर सरकण्याचे अपघात तिथे निम्म्याहून अधिक घटले. कोणाचं समुपदेशन केलं नाही, कोणाला दंड केला नाही. रस्त्याची कड कापली.

दुसरी गोष्ट, आवाजानेही जाग आली नाही तर रस्ता धडक सौम्य करू शकतो. कडेचा खांब गाडीच्या वाटेत उभा असू नये. असलाच तर धडकेत बुडापासून सुटावा. टेक्सासमधल्या संशोधकांनी १९६० च्या दशकात असे सुटणारे फलकखांब तयार केले. मोठा, न सुटणारा खांब असेल तर त्याच्यापुढे गाडीला घासत नेणारा कठडा हवा. दुभाजकही असा हवा की चाक त्यावर चढण्याऐवजी त्याला घासून परत रस्त्यावर यावं.

स्वीडनच्या संसदेने १९९७ साली हेच धोरण म्हणून स्वीकारलं: माणूस चुकणारच, त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, आणि ती जबाबदारी रस्ता बांधणाऱ्याचीही आहे. स्वीडनचं नाव काढलं की लोक म्हणतात, ते श्रीमंत, त्यांची लोकसंख्या किती, आपली किती. म्हणून घरचंच उदाहरण देतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर डिसेंबर २०१२ मध्ये उर्से गावाजवळ दुभाजक ओलांडून आलेल्या टेम्पोने आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे यांच्या गाडीला धडक दिली. दोघे अभिनेते गेले, पेंडसेंचा लहान मुलगाही गेला. राज्य हळहळलं. दुभाजकावर तारदोरांचे कठडे हवेत ही मागणी तेव्हा जोर धरून उठली. पुढे २०१६ पासून सेव्हलाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिसांनी मिळून त्या मार्गावर कुठे, कशावर आदळून माणसं मरतात याची जागा न् जागा तपासली. उघडे खांब झाकले, कठड्यांची टोकं सुरक्षित केली, दुभाजकातल्या फटी बंद केल्या. २०१६ मध्ये तिथे १५१ जण मेले होते. २०२० पर्यंत तो आकडा निम्म्याखाली आला. त्या साली टाळेबंदी होती हे धरूनही, त्याआधीच्या वर्षांत उतरण सुरू झालेली दिसते.

समृद्धी बांधणारं महामंडळ तेच. म्हणजे धडा ज्याने गिरवला होता, त्यालाच नवी वही दिली होती.

रात्री १.३२

अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालानुसार गाडी आधी लोखंडी खांबाला धडकली, मग पुढचं चाक दुभाजकावर आदळलं. पुढचा ॲक्सल निखळला. गाडी डाव्या कुशीवर पडली आणि घासत गेली. डिझेलची टाकी फुटली.

१.३३

आपल्याकडच्या बसचं दार डावीकडे असतं. गाडी डाव्या कुशीवर पडली म्हणजे दार जमिनीखाली. उजव्या बाजूच्या खिडक्या डोक्यावर, छतासारख्या. अंधार, धूर, एकमेकांवर पडलेले प्रवासी, सामान, पडदे. गादीवर झोपलेल्या माणसाला आधी आपण कुठल्या बाजूला आहोत हेच कळायला वेळ लागतो. वातानुकूलित गाडीच्या काचा बंद असतात, उघडत नाहीत, फोडाव्या लागतात. फोडायला हातोडा लागतो. तो जागेवर असेल, आणि अंधारात सापडेल, आणि सापडलेल्या माणसाला तो वापरायचा कसा हे माहीत असेल, असं तीन वेळा नशीब लागतं.

काच फोडून जे बाहेर आले ते वाचले. चालक आणि क्लीनर त्यांच्यात होते. बाहेर आलेल्यांनी रस्त्यावर येऊन गाड्यांना हात केले. गाड्या थांबल्या नाहीत, असं वाचलेल्यांनी नंतर सांगितलं. यावर आपण लगेच माणुसकी संपली वगैरे म्हणतो. मी म्हणणार नाही. रात्री दीड वाजता द्रुतगती मार्गावर कुणी मधे येऊन हात करतो तेव्हा शंभरच्या वेगातल्या चालकाला ते दिसतं, समजतं आणि त्याची भीती जाते, तोवर तो पाचशे मीटर पुढे गेलेला असतो. कुंपण घातलेल्या रस्त्यावर शेजारी नसतो. जुन्या रस्त्यावर अपघात झाला की टपरीवाला, ढाब्यावरचा पोऱ्या, ट्रकवाले पहिल्या दोन मिनिटांत बादल्या घेऊन धावत. इथे पिंपळखुट्याच्या लोकांना आवाज आणि ज्वाळांवरून कळलं, ते शेतातून, कुंपणापर्यंत आले, तोवर गाडीजवळ जाण्यासारखी स्थिती नव्हती. पोलीस आले, अग्निशमनची गाडी आली. त्यांना काम उरलं ते बाहेर काढण्याचं.

१ जुलै, दिवस उजाडल्यावर

मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री घटनास्थळी आले. मृतांच्या वारसांना राज्याकडून ५ लाख, पंतप्रधान निधीतून २ लाख जाहीर झाले. चालकाने सांगितलं, टायर फुटला. परिवहन कार्यालयाच्या अहवालाने ते खोडून काढलं: जागेवर रबराचे तुकडे नाहीत, फुटलेल्या टायरच्या खुणा नाहीत, वेगही तितका नाही. झोपेची शक्यता अहवालाने पुढे केली. नंतर चालकाच्या रक्तात अल्कोहोलचा अंश आढळल्याचं न्यायवैद्यक अहवालाच्या आधारे पोलिसांनी सांगितलं. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, अटक झाली. तो दोषी असेल तर त्याला शिक्षा व्हायलाच हवी, यात दुमत असायचं कारण नाही.

पण बघा, त्यानंतर चर्चा थांबली. दारूचा उल्लेख आला की बाकी सगळ्यांची सुटका होते. खांब, दुभाजक, कड, थांबा, दार, काच, यांतल्या कशावरही रक्ततपासणी करता येत नाही.

२ जुलै, रविवार

ओळख पटण्याच्या पलीकडे गेलेले २४ देह बुलढाण्यात सामुदायिकरीत्या अग्नीला दिले. एका मुस्लिम तरुणीचा दफनविधी वेगळा झाला. नातेवाईक स्मशानभूमीत होते आणि त्याच दुपारी मुंबईत राजभवनावर अजित पवारांचा उपमुख्यमंत्रिपदाचा शपथविधी. वाहिन्यांनी काय दाखवलं ते सांगायला नको.

पुढचे आठवडे

त्याच जुलैमध्ये कुणीतरी अपघाताच्या जागी महामृत्युंजय यंत्र पुरलं. आसपासच्या पाच किलोमीटरमध्ये आता अपघात होणार नाही, असा दावा. पोलिसांनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला, ते बरंच केलं. मला मात्र त्या माणसाचं एक पटतं. अपघाताच्या जागेतच काही बदल करायला हवा, हे त्याच्या डोक्यात आलं. उपाय भलता होता, दिशा चुकली नव्हती. सरकारी बाजूने एकसुरीपणा तोडायला झेंडे, फलक लावायच्या घोषणा झाल्या, टायर तपासण्याचे तंबू लागले.

देशाच्या अपघात अहवालात मृत्यूंची विभागणी वाहतूक नियमभंगानुसार करणारा एक तक्ता असतो. अतिवेग, मद्यपान, उलट्या दिशेने वाहन, सिग्नल तोडणं, मोबाइल, आणि 'इतर'. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली, त्यांतली सत्तर टक्क्यांहून अधिक अतिवेगाच्या रकान्यात आहेत. झोपेला त्या तक्त्यात रकाना नाही. पिंपळखुट्याच्या नोंदीसाठी तिथे 'इतर' उरतं, किंवा मद्यपान.

१५ ऑक्टोबर २०२३, रात्री १२.३० च्या सुमारास

वैजापूरजवळ, जांबरगाव टोलनाक्याच्या परिसरात, त्याच समृद्धीवर. बुलढाण्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणारी मिनीबस समोर उभ्या ट्रकवर मागून आदळली. १२ जण ठार. चालत्या महामार्गावर तो ट्रक परिवहन विभागाच्या अधिकाऱ्यांनी थांबवला होता, असा आरोप झाला आणि दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. मध्यरात्री वेगाने येणाऱ्या चालकाला महामार्गावर उभी गाडी चालती वाटते, ती उभी आहे हे उमगेपर्यंत ब्रेकला जागा उरलेली नसते. नियम राबवणाऱ्यांनाच याचा अंदाज नव्हता.

आता

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. आता तो गोंदिया, गडचिरोलीकडे वाढवायचं चाललं आहे. नव्या टप्प्यांची आखणी कागदावर असताना काही मागण्या करता येतात. पहिल्या दिवशी, फीत कापण्याआधी, ठराविक अंतरावर उजेडाचे थांबे. काँक्रिट ओतल्याबरोबर कडेला खाचा. कठड्याविना एकही खांब नको. आणि रस्ता सुरक्षा लेखापरीक्षणाचे अहवाल लोकांना वाचायला उपलब्ध. शेवटच्या मागणीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज कुणीही करू शकतो. विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या वाचकांनी तो करावा, आपल्या जिल्ह्यातल्या पट्ट्यापुरता तरी.

कायदाही आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८ अ आलं. रस्त्याचा आराखडा, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार केली नाही आणि त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर त्या यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला जबाबदार धरता येतं. त्या कलमातला जास्तीत जास्त दंड एक लाख रुपये आहे.